आठी आणि सुरकुती

काही वर्षांपूर्वी बोलीतील शब्दांच्या संकलनासाठी आम्ही विद्यार्थ्यांसह वसई तालुक्यातील चांदीप या गावी गेलो होतो. शरीर आणि त्याच्या अवस्था यांविषयीचे शब्द टिपण्याचे काम चालले होते. एका विद्यार्थिनीने 'आठी' आणि 'सुरकुती' हे शब्द समानार्थी म्हणून एकाच ओळीत लिहिले. ओसरीवर बसलेल्या आजींनी तिला थांबवले. "आठी आपण घालतो, सुरकुती पडते," त्या म्हणाल्या. आठ्या पडतातही, हे खरे; परंतु सुरकुती कोणाला घालता येत नाही, हा त्यांचा मुद्दा निर्विवाद होता. विद्यार्थिनीने ओळ खोडली.

चेहऱ्यावरील सुरकुत्यांच्या अलीकडच्या उपचारांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ही दोन क्रियापदे आम्हांस पुन्हा आठवली. वैद्यकही हाच भेद मानते. स्नायू आकसला की उमटणारी आणि तो सैलावला की मिटणारी रेघ निराळी. चेहरा स्वस्थ असतानाही राहणारी रेघ निराळी. पहिलीवर स्नायू शिथिल करणारे बोट्युलिनम विषाचे इंजेक्शन देतात, ज्याला लोक बोटॉक्स या व्यापारी नावाने ओळखतात. दुसरीत त्वचेखाली जेल भरतात. त्यास फिलर म्हणतात. आणि दोन्ही एकत्र योजण्यामागचे कारण आजींच्या वाक्यातच आहे: जी आठी वर्षानुवर्षे घातली जाते, तीच पुढे सुरकुती होऊन बसते.

या विषाच्या इतिहासाच्या आरंभी एक कवी आहे, हे आमच्या व्यवसायबंधूंना सांगितले पाहिजे. युस्टिनुस केर्नर (१७८६–१८६२) हा जर्मन रोमँटिक कवी पेशाने वैद्य होता. त्याच्या कवितांना रॉबर्ट शूमानने १८४० मध्ये संगीत दिले. व्युर्टेम्बर्ग परगण्यात खराब झालेले सॉसेज खाऊन माणसे दगावत. डोळ्यांच्या पापण्या मिटत, गिळता येईनासे होई, श्वास थांबे, शुद्ध मात्र शेवटपर्यंत राही. केर्नरने असे रुग्ण तपासले, स्वतःवर प्रयोग केले आणि १८२२ च्या ग्रंथात त्या विषाचे सविस्तर वर्णन केले. हे विष मज्जातंतूंची आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचू देत नाही, हे त्याने ताडले. अतिशय अल्प मात्रेत दिल्यास अनावर हालचालींच्या विकारांत ते औषध ठरू शकेल, असेही त्याने सुचवले. लॅटिनमध्ये 'बोटुलुस' म्हणजे सॉसेज. पुढे विषाचे नाव त्यावरूनच पडले. १८९५ मध्ये बेल्जियममधील एलझेल या गावी एका अंत्यविधीनंतर खारवलेले मांस खाल्लेल्या वादकांना विषबाधा झाली, त्यातले तिघे मृत्युमुखी पडले, आणि त्या प्रकरणातून एमिल व्हान एर्मेंगेम याने विष निर्माण करणारा जीवाणू शोधला.

केर्नरची सूचना प्रत्यक्षात यायला दीडशे वर्षे जावी लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर या विषाचा उपयोग केला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्यांची अनावर उघडझाप या विकारांसाठी त्यास मान्यता दिली. ज्यांचे डोळे उघडेच राहत नसत, त्यांना या विषाने दृष्टी परत दिली. हे विसरून या औषधाची निव्वळ टवाळी करणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

सौंदर्याकडे वळण घडले ते कॅनडातील व्हँकूव्हरमध्ये. १९८७ च्या सुमारास नेत्रवैद्य जीन कॅरदर्स यांच्या पापण्यांच्या विकाराच्या एका रुग्णाने तक्रार केली, की यावेळी भुवयांच्या मध्ये सुई का टोचली नाही? तेथे टोचले की चेहरा निश्चिंत दिसतो. जीन यांचे पती अ‍ॅलस्टर त्वचारोगतज्ज्ञ. घरी बोलणे झाले, प्रयोग झाले, आणि १९९२ मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. २००२ मध्ये भुवयांमधील आठ्यांसाठी अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली.

भुवयांमधील ही जागा नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. भरताने भुवयांची सात कर्मे सांगितली, त्यांत एक 'भ्रुकुटी'. क्रोधाच्या अभिनयाला ती लागते. डार्विननेही १८७२ च्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथात याच स्नायूची दखल घेतली. विचारात अडचण आली की माणूस भुवया आखडतो, असे त्याचे निरीक्षण आहे. म्हणजे ज्या बिंदूवर सुई प्रथम गेली, तो क्रोधाचा आणि विचाराचा बिंदू. हा योगायोग आम्हांस अस्वस्थ करतो.

फिलरचा इतिहास याहून जुना आणि अधिक दुःखद आहे. १८९३ मध्ये नॉयबर या जर्मन शल्यविशारदाने दंडातील चरबी काढून चेहऱ्यावरील खोल व्रणांत भरली. १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या गेरझुनीने पॅराफिन, म्हणजे मेण, टोचण्यास आरंभ केला, आणि ते लवकरच सुरकुत्यांतही गेले. मेण जागेवर राहीना. त्याच्या गाठी झाल्या, चेहरे विद्रूप झाले. त्यानंतर सिलिकॉनचे प्रयोग झाले. १९८१ मध्ये गायीच्या कातडीपासून काढलेल्या कोलॅजेनला अमेरिकेत मान्यता मिळाली, परंतु अ‍ॅलर्जीच्या भयाने त्याआधी चाचणी करावी लागे आणि ते काही महिन्यांतच विरत असे. आजचे बहुतेक फिलर हायल्युरॉनिक आम्लाचे असतात. हे द्रव्य कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गायीच्या डोळ्यातून वेगळे केले. ते पाणी धरून ठेवते आणि त्वचेला उभारी देते. नको झाल्यास विकराने विरघळवताही येते.

आता दोहोंचा संगम. नुसते जेल भरले तर खालचा स्नायू दिवसभर आकसत राहतो आणि ते दाबून पसरवतो. नुसता स्नायू शिथिल केला तर आठी जाते, पण जुनी खोल घडी कागदावरील घडीसारखी राहतेच. कॅरदर्स दांपत्याने २००३ मध्ये भुवयांमध्ये खोल रेघा असलेल्या ३८ स्त्रियांवर तुलना केली. केवळ हायल्युरॉनिक जेल भरलेल्यांची रेघ मध्यमानाने १८ आठवड्यांत पूर्ववत झाली. विषाचीही जोड दिलेल्यांची ३२ आठवड्यांनी. एकत्र उपचारांच्या प्रसाराला अशा अभ्यासांचा मोठा आधार मिळाला. मात्र याच जागेत धोकाही आहे. भुवयांमधील रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या रोहिणीशी संबंध असतो. जेल चुकून वाहिनीत गेले तर दृष्टी जाण्याची दुर्मीळ, परंतु नोंदलेली उदाहरणे आहेत. सुई कोणाच्या हाती आहे हे पाहणे म्हणूनच अत्यावश्यक.

चेहऱ्याच्या दुरुस्तीच्या जागतिक इतिहासात मराठी मुलखाचे नाव एका प्रसंगी ठळकपणे येते. इंग्रजांच्या सैन्यातील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते. १७९३ च्या सुमारास पुण्यात एका कारागीर वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ती हकीकत छापली आणि ती वाचूनच जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये इंग्लंडात अशी शस्त्रक्रिया केली. मराठीत नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे. नाक परत बसवणे हे त्या अर्थाने अब्रू परत देणे होते. सुरकुतीने कोणाची अब्रू गेल्याचे आमच्या भाषेला ठाऊक नाही. उलट 'हे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत' असे म्हणून वार्धक्य अधिकारच सांगते.

मग तिची दुरुस्ती का हवीशी झाली? पाश्चात्त्य बाजारावर बोट ठेवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. आयुर्वेदातील रसायनांची फलश्रुती वली आणि पलित, म्हणजे सुरकुत्या आणि पांढरे केस, नाहीसे होण्याची ग्वाही देते. खांडेकरांच्या 'ययाति'ला (१९५९) वाचक मिळाला तो काही केवळ पुराणप्रेमाने नव्हे. आणि आमच्या रंगभूमीवर बालगंधर्व वयाच्या पन्नाशीतही तरुण नायिका रंगवत होते. त्या वयात रूप धरून ठेवण्याची त्यांची धडपड हास्यास्पद म्हणावी की आदरणीय, याचा निर्णय आम्ही अद्याप करू शकलेलो नाही. प्रेक्षक मात्र डोळे मिटून गाणे ऐकत.

महाभारतातील च्यवनाची कथा या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे. जराजर्जर च्यवन अश्विनीकुमारांसह सरोवरात उतरला आणि तिघे सारख्याच रूपाचे तरुण होऊन वर आले. सुकन्येला त्यांतून आपला पती ओळखायचा होता. तिने तो ओळखला. परंतु ओळखीसाठी ज्या खुणा आपण नेहमी वापरतो, त्या सगळ्या पाण्यात उरल्या होत्या.

चांदीपच्या आजींना त्या विद्यार्थिनीने पुढच्या भेटीत ही इंजेक्शने समजावून सांगितली. स्नायू काही महिने आकसतच नाही, हे ऐकून त्यांनी विचारले, "मग पोरांना दटावायचं कसं?" विद्यार्थिनी हसली, आमच्या वहीत मात्र तो प्रश्न शब्दांच्या यादीखाली तसाच आहे. उत्तरादाखल एवढेच नोंदवता येईल, की दोन्ही उपचारांची मुदत सारखी नसते. विषाचा अंमल साधारणतः तीन-चार महिन्यांत उतरतो, हायल्युरॉनिक जेल बहुधा त्याहून अधिक काळ टिकते. सुरकुती अजून बुजलेली असतानाच आठी घालण्याची सोय परत येते.