रोहिणीचे पाणी आणि शांतीची आशा

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याच्या भूम तालुक्यात ईट हे गाव आहे. बालाघाटच्या कुशीतील हा मुलूख कमी पावसाचा, आणि शतकानुशतके दोन सत्तांच्या सीमेवर वसलेला. ईटच्या पश्चिमेस, आजच्या जामखेड तालुक्यात खर्डा आहे. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या परिसरात मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. पराभूत निजामअलीने खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि पुढे तह झाला. पाठ्यपुस्तकातील हकिगत येथे संपते.

आमच्या समाजाच्या स्मृतीत मात्र ती येथे संपत नाही. या मोहिमेत सिदनाक महार या सरदाराने परशुरामभाऊ पटवर्धनांचे प्राण वाचविले, असे परंपरा सांगते. त्याच परंपरेनुसार सिदनाकाचा तंबू आपल्या तंबूंच्या शेजारी नको, असा आक्षेप छावणीतील काही उच्चवर्णीय सरदारांनी घेतला होता. निजामाशी तह झाला. तंबूंमधील अंतराविषयी कोणताही तह झाला नाही. युद्ध थांबणे आणि शांती नांदणे या दोन गोष्टींत किती अंतर असू शकते, हे समजून घेण्यासाठी आम्हांस दूर जाण्याचे कारण नाही.

दीडशे वर्षांनी याच भूमीने आणखी एक युद्ध पाहिले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. रझाकारांच्या अत्याचारांतून प्रजेची मुक्तता झाली, हे निर्विवाद आहे. परंतु पाच दिवसांचे युद्ध संपल्यानंतर खेड्यापाड्यांत सूडाचे पर्व सुरू झाले आणि त्यात असंख्य निरपराध मुसलमान बळी पडले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या सद्भावना मंडळाने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरून चौकशी केली. त्यांनी सर्वाधिक हानी झालेले म्हणून जे चार जिल्हे नोंदविले, त्यांत उस्मानाबाद होता. अन्य तीन गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. संस्थानभरातील मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. हा अहवाल कित्येक दशके जनतेसमोर आलाच नाही.

ज्या भूमीवर असे घडले, तेथील वाचकांसमोर आम्ही एक प्रश्न मांडू इच्छितो. युद्धकाळात शांतीचे कार्य करण्याचे बळ धर्म माणसाला देऊ शकतो काय? या प्रश्नाचा विचार ख्रिस्ती परंपरेने दीर्घकाळ केला आहे. तो विचार तपासून पाहणे बौद्धांस उपकारक ठरेल, असे आम्हांस वाटते.

ख्रिस्ती आशा आणि तिचा इतिहास

ख्रिस्ती धर्मात श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन प्रमुख गुण मानले आहेत. यांपैकी ‘आशा’ म्हणजे मनाची इच्छा नव्हे. देवाचे राज्य येणार आहे, न्याय अखेरीस स्थापित होणार आहे, या भरवशावर आज तसे वागू लागणे, असा तिचा अर्थ आहे. येशूच्या डोंगरावरील प्रवचनात शांती प्रस्थापित करणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. तेथे गौरव आहे तो शांती घडवून आणणाऱ्यांचा. केवळ शांत बसणाऱ्यांचा नाही.

पहिल्या तीन शतकांत या शिकवणीचा प्रभाव मोठा होता. टर्टुलियन, ओरिजेन यांसारख्या विचारवंतांनी ख्रिस्ती मनुष्याने शस्त्र धरण्यास विरोध केला. इ. स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेत मॅक्सिमिलियन नावाच्या तरुणाने रोमन सैन्यात भरती होण्यास नकार दिला आणि त्याबद्दल देहान्त शासन स्वीकारले. तो एका माजी सैनिकाचाच पुत्र होता.

पुढे चित्र पालटले. इ. स. ३१२ मध्ये रोमजवळच्या लढाईपूर्वी कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती चिन्ह धारण केले, विजय मिळविला, आणि चर्चला राजाश्रय लाभला. येथे आम्हांस सम्राट अशोकाचे स्मरण होते. कॉन्स्टंटाइनने युद्धास जाताना धर्मचिन्ह उचलले. अशोकाने कलिंगच्या युद्धानंतर स्वतःच घडविलेल्या संहाराबद्दलचा पश्चात्ताप तेराव्या शिलालेखात कोरून ठेवला. एकाच्या हाती धर्म विजयाचे साधन झाला, तर दुसऱ्याने विजयाचा अर्थच बदलून धम्मविजयाची कल्पना मांडली. राजाश्रयानंतर पाश्चात्त्य चर्चमध्ये न्याय्य युद्धाचा सिद्धान्त रूढ झाला. संत ऑगस्टीनने युद्धाला मर्यादा घालण्यासाठी जो विचार मांडला, त्याचाच आधार पुढील काळात युद्धाच्या समर्थनासाठी घेतला गेला. इ. स. १०९५ मध्ये तर पोपनेच धर्मयुद्धाची हाक दिली.

तरीही मूळ झरा अजिबात आटला नाही. १६६० मध्ये इंग्लंडमधील क्वेकर पंथीयांनी कोणत्याही कारणासाठी शस्त्र न धरण्याची जाहीर भूमिका घेतली. पहिल्या महायुद्धात पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ऑगस्ट १९१७ मध्ये लढणाऱ्या राष्ट्रांपुढे शांततेचा प्रस्ताव ठेवला. दोन्ही बाजूंची बहुतेक राष्ट्रे ख्रिस्ती होती आणि त्यांनी तो मानला नाही. या विसंगतीची झळ आपल्या शेजारीही पोहोचली होती. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांसाठी स्थानबद्धता छावणी उभारली. मुंबई इलाख्यातील जर्मन जेझुइट धर्मगुरूंना आपले कार्य सोडावे लागले. ज्यांनी खेड्यांतून शेजारप्रीती शिकविली, ते त्याच ख्रिस्ताला मानणाऱ्या सरकारच्या लेखी शत्रू ठरले. राष्ट्र आणि धर्म यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा युरोपातील चर्चने बहुतांशी राष्ट्र निवडले, हे कटू सत्य पुढे अनेक ख्रिस्ती विचारवंतांनीच मान्य केले. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबाच्या प्रश्नावरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले. त्यानंतर ११ एप्रिल १९६३ रोजी पोप तेविसावे जॉन यांनी विश्वशांतीविषयी परिपत्रक काढले. त्यात शांतीचा पाया म्हणून मानवी हक्क, न्याय आणि स्वातंत्र्य यांना स्थान दिले होते.

बाबासाहेबांचा आक्षेप

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्यास धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर अनेक धर्मांचा त्यांनी कसून अभ्यास केला. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयी त्यांनी जे लिहिले, ते आजही विचारणीय आहे. मिशनऱ्यांनी शाळा व दवाखान्यांच्या रूपाने केलेली सेवा त्यांनी नाकारली नाही. त्यांचा प्रश्न असा होता की, धर्मांतरित माणूस अन्यायाविरुद्ध उभा राहतो काय? मनुष्याच्या दुःखाचे मूळ त्याच्या पापात आहे, असे शिकविले की भोवतालची समाजरचना बदलण्याची प्रेरणा क्षीण होते, हे त्यांनी नेमके हेरले. परलोकावर सोपविलेली आशा इहलोकीच्या गुलामाला निमूट बसविते, असा या आक्षेपाचा आशय आम्ही समजतो.

ख्रिस्ती शांतिकार्याची खरी कसोटी याच आक्षेपात आहे. शांतीच्या नावाने पीडितालाच गप्प बसविले जाते, हा मराठवाड्यातील दलितांचा जुना अनुभव आहे. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जळाली, माणसे मारली गेली. त्यानंतरच्या काळात ‘शांततेसाठी’ नामांतराचा आग्रह सोडा, असा उपदेश ज्यांची घरे जळाली त्यांनाच करण्यात आला. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. अशा शांततेची हाक कोणत्याही धर्माच्या नावाने आली तरी ती आम्ही स्वीकारू शकत नाही.

जामखेड आणि वसई

या आक्षेपाला काही ख्रिस्ती माणसांनी आपल्या आचरणाने उत्तर दिले आहे. त्यांपैकी एक उदाहरण ईटच्या शेजारचेच आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातील स्त्रियांना, त्यांत दलित व निरक्षर स्त्रियाही होत्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिक्षण दिले. जिच्या हातचे पाणी चालत नव्हते, तिच्या हाती गावातील बाळंतपणे आली. दुष्काळाच्या वर्षांत विंधनविहिरी घेताना दलित वस्तीत पंप बसविण्याचा आग्रह या दांपत्याने धरला. त्यामुळे सवर्णांना पाण्यासाठी त्या वस्तीत यावे लागले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर जो हक्क बजावला, त्याचे मोल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पंपाच्या जागेचे महत्त्व निराळे सांगण्याची गरज नाही. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खर्ड्याच्या छावणीतील तंबूंचे अंतर तहाने मिटले नव्हते. त्याच तालुक्यात पाण्याच्या पंपाने ते काही पावले तरी कमी केले.

दुसरे उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. ते वसईच्या नंदाखाल गावचे. त्यांच्या गावाजवळच सोपारा आहे, जेथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूपाचे उत्खनन केले आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आला. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन करणारा हा धर्मगुरू हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात उतरला. गुंडगिरीची दहशत असताना हिरव्या पट्ट्यातील जमिनीसाठी आणि पाण्यासाठी त्यांनी सामान्य वसईकरांना निर्भयपणे संघटित केले. बायबलचे सुबोध मराठी रूप त्यांनी सिद्ध केले आणि ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ या ग्रंथात इस्राएल-पॅलेस्टाइन संघर्षाचा वेध घेतला. ख्रिस्ताच्या जन्मभूमीवर दोन समाज एकमेकांचे रक्त सांडत असताना संवादाखेरीज मार्ग नाही, ही त्यांची धारणा होती. १० ते १२ जानेवारी २०२० या काळात उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या धर्माकडे बोट दाखवून काही गटांनी निवडीस विरोध केला होता. तरीही संमेलन पार पडले, आणि १९४८ च्या जखमा वाहणाऱ्या या जिल्ह्याने एका ख्रिस्ती धर्मगुरूला मराठी साहित्याच्या अध्यक्षस्थानी पाहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ख्रिस्तभूमीत पुन्हा भीषण युद्ध पेटले आणि ते धगधगत असतानाच २५ जुलै २०२४ रोजी फादर निवर्तले. आशा सफल झालेली पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. पण तीमुळे केलेले काम मागे राहिले.

सिद्धार्थ घरी का परतला नाही

आता आपल्या परंपरेकडे वळू. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात दाखविले आहे. शाक्य संघात सेनापतीने कोलियांविरुद्ध युद्धाचा प्रस्ताव मांडला. सिद्धार्थाने दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींकरवी लवादाचा मार्ग सुचविला. तो बहुमताने फेटाळला गेला. युद्धास साथ न दिल्यास कुटुंबावर बहिष्कार पडेल आणि जमीन जप्त होईल, असे त्याला बजावण्यात आले. आपल्यापायी कुटुंबास शिक्षा नको म्हणून सिद्धार्थाने परिव्रज्या स्वीकारली.

कथेचा पुढील भाग पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. सिद्धार्थ गेल्यानंतर शाक्यांत युद्धविरोधी चळवळ उभी राहिली, कोलियांशी बोलणी झाली आणि पाण्याच्या तंट्यासाठी लवाद मंडळ नेमले गेले. पाच परिव्राजकांनी ही वार्ता सिद्धार्थास दिली. गृहत्यागाचे कारणच उरले नव्हते. तरीही तो घरी परतला नाही. युद्ध हा संघर्षाचा केवळ एक प्रकार आहे. वर्गावर्गांतील, माणसामाणसांतील संघर्ष अखंड चालू आहे आणि त्याचे मूळ शोधल्याशिवाय दुःखाचा अंत नाही, हे त्याला उमगले होते.

येथे ख्रिस्ती आशा आणि बौद्ध मार्ग यांतील भेद स्पष्ट होतो. ख्रिस्ती शांतिकर्त्याचा आधार ईश्वराचे वचन आहे. सिद्धार्थापुढे कोणाचेही वचन नव्हते. होते ते दुःखाचे कारण आणि ते दूर करता येते हा शोध. परंतु पराभव झाला म्हणून कार्य सोडायचे नाही आणि तह झाला म्हणून कार्य संपले असे मानायचे नाही, या दोन बाबतींत उभयतांची भेट होते. जामखेडच्या पंपाजवळ आम्हांस ती भेट दिसते.

शेजाऱ्याच्या इतिहासाची चिकित्सा करताना आपले घर झाकून ठेवणे योग्य नव्हे. दुसऱ्या महायुद्धात जपानमधील अनेक बौद्ध धर्मपीठांनी साम्राज्यवादी युद्धास आशीर्वाद दिला. श्रीलंकेत १९८३ ते २००९ या काळातील यादवीत काही भिक्षूंनी युद्धाचा कैवार घेतला. चीवर धारण केल्याने कोणीही आपोआप शांतिदूत होत नाही. दुसऱ्या बाजूस, आमचा समाज सैनिकी परंपरेचा अभिमान बाळगतो. १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची उभारणी झाली, तिच्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेबांनी भेद केला आहे. त्यामुळे आमची अहिंसा दुबळ्याची शरणागती नाही. मात्र गरजेच्या नावाखाली इच्छा लपलेली नाही ना, हे प्रत्येक प्रसंगी तपासण्याचे दायित्व त्यातूनच आमच्यावर येते.

ईटसारख्या गावात शांतीचा प्रश्न जागतिक परिषदेच्या रूपाने येत नाही. तो पाणवठ्यावर येतो, स्मशानभूमीच्या वाटेवर येतो, जयंतीच्या मिरवणुकीच्या मार्गावरून येतो. अशा वेळी विहारातील उपासक-उपासिकांनी सिद्धार्थाने संघात विचारला तोच प्रश्न विचारावा : तंट्याचे मूळ कोणते, आणि दोन्ही बाजूंना समान स्थान देणारा लवाद कोणता? शेजारी ख्रिस्ती, मुसलमान वा हिंदू यांपैकी जो कोणी हा प्रश्न विचारण्यास पुढे येईल, त्याच्यासोबत मैत्रीने बसावे. सिद्धार्थाचा ठराव संघात पडला होता. लवाद मंडळ त्यानंतर झाले.