उलटा शॉकअप की साधा? पाणंदीतल्या गाडीला काय परवडतं

नवी गाडी घ्यायची म्हटलं की सातारा-सांगलीतली पोरं आधी पुढचा शॉकअप सोनेरी आहे का ते बघतात. हा बहुतेक वेळा उलटा शॉकअप, म्हणजे यूएसडी फोर्क. स्प्लेंडरसारख्या साध्या गाडीत बारीक चकचकीत नळी वर हँडलच्या टीमध्ये असते नि जाड नळी खाली चाकाला. उलट्यात जाड वर, बारीक खाली. चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूक २०० ला तो २०१२ पासून आहे, पल्सर एनएस २०० ला २०२३ मध्ये आला.

फायदा खरा आहे. जाड नळी वर धरल्यामुळे जोरात ब्रेक मारला तरी पुढची बाजू कमी लवते. खंबाटकी घाटात वेगाने वळणाऱ्याला ते जाणवतं. दुधाचे कॅन अडकवून डेअरीला जाणाऱ्याला नाही, त्याचं ओझं मागच्या चाकावर.

खरी अडचण चिखलाची. वाळव्याकडं उसाच्या पाणंदीत काळी माती, माण-जतला मुरमाचे खडे. उलट्यात चकचकीत नळी चाकालगत, त्यामुळे पहिला मार तिलाच. तिच्यापुढचं प्लॅस्टिकचं कव्हर तुटलं तर लगेच बदलावं. वाळलेला चिखल ऑइल सील खातो. सील गेलं की साध्या शॉकअपात बरंचसं तेल खालच्या नळीत राहतं. उलट्यातलं खाली उतरतं, डिस्क नि ब्रेक पॅडपर्यंत जाऊ शकतं, मग ऐन वेळी ब्रेक धरत नाही.

शेतातून आल्यावर नळी ओल्या फडक्यानं पुसावी. तिच्यावर तेलाचं कडं दिसलं तर गाडी आधी मिस्त्रीकडं न्यावी. तेल प्यालेले पॅड पुसून भागत नाही, बदलावेच लागतात.