थोरल्याचे आजारपण आणि गिरणगावातील बाळंतपण

दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आलेले आणि पहिले दीड-दोन वर्षांचे मूल तापाने फणफणलेले, हा प्रसंग येणारच असे गृहीत धरून आपल्या पूर्वजांनी त्याची तजवीज करून ठेविली होती. गरोदर आईचे दूध मुलास बाधते या समजुतीने थोरल्याला अंगावरून तोडीत, त्याचे अंथरूण आजीपाशी घालीत, आणि दूध तुटताच ते वरचेवर आजारी पडू लागले, की वेखंड-जायफळ उगाळून चाटवीत, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढीत. पुढे सोयराचे दहा दिवस आई बाळंतिणीच्या खोलीत आणि मूल बाहेर. या उपचारांपैकी कित्येक निरुपयोगी होते आणि ती ताटातूट कोवळ्या जिवाला निष्ठुर होती, हे मान्य करूनही एक गोष्ट नाकारता येत नाही: माहेरी अथवा सासरी त्या आजारी मुलाला उचलून घेणारे हात होते.

हे हात मुंबईच्या गिरणगावात नव्हते. 1920 च्या सुमारास गिरण्यांतील कामगारांत स्त्रियांचा सुमारे पाचवा हिस्सा होता, आणि रत्नागिरी जिल्ह्यातून किंवा घाटावरून आलेली, वाइंडिंग-रिळिंगच्या खात्यांत राबणारी ही स्त्री परळ-लालबागच्या चाळीत एका खोलीत कुटुंबासह राही. दिवस भरत आले की शक्य तेव्हा ती गावी जाई; परंतु पावसाळ्यात कोकणच्या आगबोटी बंद असत, मूल आजारी असले तर प्रवासच धोक्याचा, आणि खाडा वाढला तर नाव कमी होण्याची धास्ती. मग कामावर जाताना आजारी मुलाच्या तोंडात अफूची बाळागोळी घालणे एवढेच तिच्या हाती उरे. तिला निर्दय म्हणणाऱ्यांनी तिची खोली पाहिली नव्हती. 1921 साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावल्याचे दप्तरी आढळते. पुष्कळ जन्म गावी नोंदले जात व मृत्यू मुंबईच्या खाती पडत, म्हणून हा आकडा काहीसा फुगलेला आहे खरा, पण ती वजावट करूनही जे उरते ते भयंकरच आहे.

मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूति-साहाय्याचे विधेयक आले तेव्हा, 28 जुलै 1928 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेताना प्रसूतीच्या आगेमागे मातेस विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे आग्रहाने मांडले. 1929 साली कायदा झाला. त्याने गिरणीतील बाईला प्रसूतीपुरती रजा आणि रोज आठ आण्यांपर्यंत साहाय्य मिळाले.

याच काळात परळला वाडिया घराण्याच्या देणगीतून दोन रुग्णालये उभी राहिली: 1926 साली नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि 1929 साली त्याच्या शेजारीच बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय. बाळंतीण एका इमारतीत आणि तिचे तापलेले मूल दुसरीत असले, तरी बापाला किंवा शेजारणीला दोहोंकडची खबर काही पावलांत घेता यावी, ही सोय त्या वस्तीला औषधाइतकीच मोलाची होती. माझ्या मते गिरणगावाच्या इतिहासात संपांइतकेच स्थान या शेजाराला मिळावयास हवे. ते मिळालेले नाही.

कायद्याची नजर मात्र जन्मणाऱ्या जिवापलीकडे फारशी गेली नाही. 1934 च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र खोली सक्तीची करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. परंतु तापलेले मूल तेथे कोण ठेवून घेणार? 1961 च्या प्रसूतिलाभ अधिनियमाने गरोदरपण वा प्रसूतीतून उद्भवणाऱ्या आजारासाठी आईला वाढीव रजा दिली. घरातल्या आजारी थोरल्यासाठी त्यात एका दिवसाचीही रजा नव्हती.