पाट्यांची गाडी आणि मागच्या चाकाची जागा

मेहकर शहराला रेल्वे नाही. माणसे आणि माल रस्त्यानेच आले-गेले, आणि त्या रस्त्यांवर ॲम्बेसेडर, जीप, काळी-पिवळी टॅक्सी या मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाड्या दीर्घकाळ धावल्या. मागचे टायर मडगार्डला घासते का, हे पाहण्याची मेकॅनिकची रीत माणसे-मालाच्या या ओझ्यातूनच घडली, असे मला वाटते. गाडी जॅकवर उचलली की ॲक्सल खाली लोंबतो आणि चाकावर भरपूर जागा दिसते. ती फसवी असते. खरी जागा गाडी भरल्यावर, बंप स्टॉपच्या रबरी ठोकळ्यापर्यंत पाटे दबल्यावर कळते. दबलेला पाटा सरळ होताना लांबतो, म्हणून चाक वर जाता जाता किंचित मागेही सरकते. एकच चाक उंचवट्यावर चढले, तर टायरचा माथा आत झुकतो. त्यामुळे मडगार्डची कड आणि आतला पत्रा, दोन्हीकडे बोट फिरवून पाहावेच लागते.

यावर कोणी म्हणेल, एक पाटा वाढवला की प्रश्न मिटला. जागा वाढते, हे खरेच. पण न दबणारा पाटा खड्ड्याचा हादरा थेट चासीला देतो, आणि बुश झिजले असतील तर ॲक्सल आडवा सरकतोच. समृद्धी महामार्ग 2022 मध्ये मेहकरजवळून सुरू झाला, रस्ता गुळगुळीत झाला, तेव्हा आता हे ज्ञान कालबाह्य, हा आक्षेपही टिकत नाही: शेतमाल नेणाऱ्या पिकअपला मागे आजही पाटेच आहेत.