परतवाड्यापर्यंत पोचलेला कायदा

१९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्यात फलकाविषयी एक कलम होते. कारखान्याचे प्रमाणित नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कामगार ज्या दारातून आत येतात तिथे किंवा त्याच्या जवळ खास फलकावर लावलेच पाहिजेत, असे ते कलम सांगत होते. त्यासाठी आधी दार हवे. अचलपूरच्या विदर्भ मिलला ते होते. तिथून जवळच्या परतवाड्याहून घाट चढून तीस-बत्तीस किलोमीटरवर चिखलदरा लागते. तिथल्या कॉफीच्या मळ्यांना, मेळघाटातल्या रोपवनांना आणि रस्त्याच्या कामांना दार नव्हते. वऱ्हाडातल्या कामगार कायद्यांचा इतिहास या दोन जागांमधल्या अंतरात पाहावा लागतो.

वऱ्हाडात यंत्र आले ते कापसाच्या मागे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मँचेस्टरचा कापसाचा पुरवठा तुटला, त्याच दशकात रेल्वे वऱ्हाडात शिरली आणि अकोला, खामगाव, अमरावतीत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहत गेले. दिवाळीनंतर बोंडे फुटली की रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रे, सुरू व्हायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी थंडावायचे. रेच्यांना कापूस लावायला बाया, गठाणी बांधायला आणि वाहायला पुरुष. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. पण शंभराहून कमी मजुरांचे आणि वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्याने वगळले होते. म्हणजे हंगामी जिन बाहेर. शेजारच्या खानदेशातल्या जिनांबद्दल १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे जी साक्ष झाली, ती आजही वाचवत नाही: पहाटे चार-पाचपासून रात्री सात-आठपर्यंत काम, आणि घाईच्या दिवसांत रात्रंदिवस. हंगामी कारखान्यांना कायद्याच्या कक्षेत यायला १९११ साल उजाडले.

तास मोजणारा कायदा आला तरी नोकरीच्या अटी मालकाच्या मनातच होत्या. गैरहजेरी किती दिवसांची चालेल, दंड कशाचा, कामावरून काढताना कारण सांगायचे की नाही, हे मुकादम सांगेल तसे. मुंबईच्या गिरण्यांत छापील नियम, म्हणजे स्थायी आदेश, होते, पण ते मालकांनी मालकांसाठी केलेले. कापड खराब झाले की ते विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापत. काही नियम तर कुठेच लिहिलेले नव्हते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात, म्हणजे चांगल्या मजुरीच्या खात्यात, प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला.

तो संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला, सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते, आणि वादाचा एक मोठा मुद्दा हे स्थायी आदेशच होते. संप मिटताना नेमलेल्या फॉसेट समितीने ते नियम एकेक करून तपासले. मालकाच्या घरचा कायदा पहिल्यांदाच कामगारांच्या प्रतिनिधींसमोर टेबलावर आला. १९३८ च्या मुंबई औद्योगिक तंटा कायद्याने स्थायी आदेश सक्तीचे केले. त्याच कायद्याने संपाच्या हक्कावर बंधने घातली, म्हणून आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट ७ नोव्हेंबरला एकत्र संपावर गेले.

देशभराचा कायदा एप्रिल १९४६ मध्ये झाला, तेव्हा केंद्रात मजूर खाते आंबेडकरांकडेच होते. शंभर किंवा अधिक कामगारांच्या मालकाने सहा महिन्यांत नियमांचा मसुदा द्यावा, कामगारांचे म्हणणे ऐकून अधिकाऱ्याने तो प्रमाणित करावा, अशी पद्धत ठरली. मात्र नियम न्याय्य आहे की नाही, हे तपासण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला १९५६ च्या दुरुस्तीनेच मिळाला. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९४७ मध्ये स्वतःचा औद्योगिक तंटा निवारण कायदा केला, त्यातही स्थायी आदेश होते. पुढे महाराष्ट्राने मर्यादा शंभरावरून पन्नासावर आणली.

वऱ्हाडाच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा नियम मात्र महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत होता. बदली किंवा तात्पुरता कामगार मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस अखंड सेवेत राहिला तर तो कायम होई, आणि हंगामी आस्थापनेत त्यासाठी १९० दिवस पुरत. १८८१ च्या कायद्याने ज्या हंगामामुळे मजुराला बाहेर ठेवले, तोच हंगाम इथे हिशेबात धरला गेला. कायद्याच्या पुस्तकातली ही एक ओळ जिनातल्या बाईपर्यंत पोचली असती, तर तिचे आयुष्य बदलले असते. पण त्यासाठी १९० दिवसांची हजेरी कुठेतरी लिहिलेली लागे, आणि हजेरीची वही मुकादमाच्या हातात असे.

घाटावर प्रश्न आणखी अवघड होता. चिखलदऱ्याची कॉफी महाराष्ट्रात अपूर्वाईची, पण मळे लहान. १९५१ चा मळे कामगार कायदा मूळचा पंचवीस एकर आणि तीस मजुरांपासून पुढचा. मेळघाटातल्या कोरकू आदिवासीचा खरा मालक वनखाते. कूपातली तोड, रोपवनातले खड्डे, उन्हाळ्याआधी जाळरेषा साफ करणे, सगळे रोजंदारीवर. वनखाते हा उद्योग आहे की सरकारचे सार्वभौम काम, यावर बरेच काही अवलंबून होते. पुण्याच्या पाचगाव-पर्वतीच्या वनमजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये निकाल दिला की, असे काम उद्योगच आहे आणि मजुरांना वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे. जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारने आठ हजारांवर रोजंदारी वनमजुरांना कायम केले. अट होती पाच वर्षे, दरवर्षी २४० दिवस. ज्याचे काम पावसाळ्यात थांबते आणि जो एरवी मैदानात मजुरीला उतरतो, त्याला ती अट गाठणे किती कठीण, हे मेळघाटात कुणालाही विचारावे.

लेखी अटी घाटावर आल्या त्या रोजगार हमी कायद्यातून. १९७७ चा हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. कामावर पिण्याचे पाणी, सावली, लेकरांची सोय, पंधरा दिवसांत मजुरी: नोकरी नसलेल्या माणसासाठी हे स्थायी आदेशच होते, आणि मस्टर हा त्याचा फलक. मजुरी थकली की लोक कागद दाखवून भांडू लागले, ही त्या कायद्याची कमाई.

अचलपूरची विदर्भ मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. पुढे मुंबईच्या फिनले मिलचे नवे युनिट तिथे आले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तेही बंद पडले. दरम्यान औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची मर्यादा ३०० कामगारांवर नेली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पन्नासाची मर्यादा वऱ्हाडातल्या मध्यम कारखान्यांना कायद्यात आणत होती. तीनशेच्या मर्यादेत इथली जिन-प्रेस क्वचितच बसेल.