मोड आणि इतिहासाची साधने

संग्रहालयांतील वस्तू मोजून प्राचीन काळी धातू किती वापरात होता, हे ठरविण्याचा मोह अभ्यासकाने आवरला पाहिजे. मृत्पात्र फुटले की मातीतच राहते. तांब्यापितळेचे भांडे फुटले, तर ‘मोड’ म्हणून पुन्हा मुशीत जाते. तेथे वस्तूचा आकारच नव्हे, तर धातूची घडणही पालटते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर जस्त ९०७ अंशांसच उकळते. त्यामुळे पितळेच्या प्रत्येक ओतकामात जस्त काहीसे घटते. कल्हईच्या भांड्याबरोबर कथील मिसळते. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली मिळालेली, ६० किलोग्रॅमहून अधिक वजनाची चार ताम्रशिल्पे मुशीतून वाचली, म्हणूनच आपणांस दिसली. सारांश, उत्खननात धातू न मिळणे हा त्याच्या अभावाचा पुरावा नव्हे. कित्येकदा ते त्याच्या मोलाचेच गमक असते.