कवटीची छिद्रे आणि चेता
मेंदूशी थेट जोडलेल्या चेतांच्या १२ जोड्या कवटीच्या तळातील ठरावीक छिद्रांतून जातात. पुढून मागे असा क्रम धरल्यास त्या लक्षात ठेवणे सोपे जाते. पहिली चेता नाकाच्या छतातील चाळणीसारख्या अस्थीतून, तर दुसरी दृक्‌नलिकेतून जाते. तिसरी, चौथी, सहावी आणि पाचवीची पहिली शाखा नेत्रखोबणीच्या वरच्या फटीतून जातात. पाचवीची दुसरी शाखा गोल छिद्रातून, तिसरी अंडाकृती छिद्रातून जाते. सातवी व आठवी आंतरकर्णमार्गात शिरतात. नववी, दहावी व अकरावी जुग्युलर छिद्रातून, तर बारावी हायपोग्लॉसल नलिकेतून बाहेर पडते.

हा क्रम केवळ परीक्षेपुरता नाही. गिळणे, आवाज आणि खांदा उचलणे या तिन्ही क्रिया एकाच बाजूने एकत्र बिघडल्यास जुग्युलर छिद्रापाशी गाठ असल्याची शंका घेता येते.